वळण आलं, चल

१८ एप्रिल २०२५, शुक्रवार

ही वही मैत्रीच्या कॉलेजची. हिरवा पुठ्ठा, आत लाल रेघा. एक जादा आली तर म्हणाली, "आजी, ही तू घे. आम्हाला खाणीवर गेलं की रोज डायरी लिहावी लागते. वर तारीख, खाली काय पाहिलं, काय केलं, आणि शेवटी मॅनेजरची सही. तू पण लिही." मी म्हटलं, माझा मॅनेजर कोण गं? तर म्हणते, "तूच!" घ्या. बहात्तराव्या वर्षी मॅनेजर झाले.

मी सुंदराबाई. शिक्षण दुसरी पास. दुसरी पण दीडच म्हणा, उरलेलं अर्धं वर्ष म्हशीमागं गेलं. पण अक्षर मोठं आणि सुटं काढते. सून शर्मिला म्हणते, आई, तुमचं अक्षर रस्त्यावरच्या पाटीसारखं आहे, लांबून वाचता येतं.

तर माझी नात मैत्री खाणीची इंजिनेर होणार! तिसरं वर्ष चालू आहे. वर्गात पोरी चारच. पूर्वी बायांना खाली उतरू देत नव्हते, आता सरकारनं परवानगी दिली, दिवसाच्या पाळीला. मी हे सगळ्या सोसायटीला सांगून झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई म्हणाल्या, "खाणीत? कॉम्प्युटरच्या जागा संपल्या होत्या वाटतं." मी म्हटलं, "हो ना, शेवटची तुमच्या नातवानं अडवली." तेव्हापासून जिन्यात भेटल्या की नुसतं हसतात.

चेतनचे बाबा खाणीतच होते. तिकडे चंद्रपूरकडे, सात नंबरला. त्यांचं काम टेकू लावण्याचं. कोळसा काढला की वरचं छत खाली यायला बघतं, त्याला लाकडाचा टेकू द्यायचा. ते अजून वर आले नाहीत. अठ्ठ्याऐंशी साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेले आणि छत बसलं. बाकीचे सहा निघाले. आत वायू साचला म्हणून साहेबांनी विटांची भिंत घालून ती बाजू बंद केली. माणूस आत असताना! म्हणून मी त्यांना वारले म्हणत नाही. वारलेला माणूस बघावा लागतो. मी कुठं पाहिला? चेतन दर वर्षी फोटोला हार आणतो, मी तो बुद्धाच्या मूर्तीला घालते.

भात लागल्याचा वास येतोय. पुरे.

२२ एप्रिल, मंगळवार

आज कॉलेजात खाणींची यादी लागली. सुट्टीत महिनाभर प्रत्यक्ष खाणीत शिकायला जायचं असतं. मैत्रीनं तीन खाणी लिहून दिल्या होत्या, चौथी मी सांगितली म्हणून लिहिली होती. लागली ती चौथी. सात नंबर!

मला तर नाचावंसं वाटलं. पण चेतननं हातातली पिशवी खाली ठेवली ती तशीच. पाटबंधारे खात्यात नोकरी करतो तो, खडकवासल्याला. एरवी घरी आला की आधी धरणात पाणी किती ते सांगतो. आज पाणी नाही की काही नाही.

"तिथं नाही जायचं."

मैत्री म्हणाली, "बाबा, बदलून मिळत नाही."

"मग पुढच्या वर्षी जा. मी सही करणार नाही."

मी म्हटलं, "अरे, तिचे आजोबा आहेत तिथं. कुणीतरी ओळखीचं."

तर केवढ्यानं ओरडला. "आई, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. या घरात असलं काही चालायचं नाही."

असलं म्हणजे कसलं? मी काय भूतबित म्हटलं? भुतं आपल्यात नसतात, मला माहीत आहे. मी माणसाबद्दल बोलत होते.

२४ एप्रिल, गुरुवार

सही मी केली. फॉर्मवर "पालक" एवढंच लिहिलंय, बाप असं कुठं लिहिलंय? शर्मिलाची हिंजवडीची बस सातला जाते, चेतन साडेआठला. नऊ वाजता मी आणि मैत्री दोघीच. तिनं फॉर्म पुढं केला नव्हता, मीच तिच्या पिशवीतून काढला. सुं-द-रा-बा-ई. पाचही अक्षरं चौकटीत बसली.

मैत्री बराच वेळ फॉर्मकडं बघत होती. मग म्हणाली, "आजी, मी कॉम्प्युटरला गेले असते तर तुला वाईट वाटलं असतं का गं?"

मी म्हटलं, "छे! पण गेली नाहीस ना."

गुणाची पोर. खुशीनं डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

चेतनला कळल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. मग बोलेल. आईशिवाय त्याला भाजीत मीठ कमी कळत नाही.

४ मे, रविवार

कॉलेजात सगळं शिकवतात, वायू कसा मोजायचा, नकाशा कसा काढायचा. पण ठोकून बघायला कुणी शिकवत नाही, नुसतं पुस्तकात दिलंय. ते मी शिकवलं! चेतनचे बाबा काठीच्या टोकानं छत ठोकायचे. खणकन् वाजलं तर भरीव. ढब् वाजलं तर वरचा थर सुटला, पळा. याला ते म्हणायचे, छताला विचारणं. घरी पण सवय जात नसे. माठ ठोकत, भिंत ठोकत, शेजारणीचं कलिंगड ठोकून येत.

आणि दुसरं शिकवलं. टेकू हातानं धरून उभ्या असलेल्या माणसाला कधी हलवायचं नाही. आधी आपण हात द्यायचा, भार आपल्यावर घ्यायचा, मग त्यानं सोडायचं. टेकू रिकामा राहता कामा नये. मैत्रीनं हे वहीत लिहून घेतलं.

मग आम्ही लाटणं घेऊन घर ठोकत सुटलो. न्हाणीघरातल्या दोन फरश्या ढब् निघाल्या. बिल्डरची करणी. खालून मंदाकिनीबाईंचा फोन, "आजी, कोळसा लागला की आमच्याकडे पण पाठवा थोडा." हसून हसून पोट दुखलं.

बाहेरच्या खोलीत मैत्रीनं पश्चिमेच्या भिंतीवर तीनदा ठोकलं, टक टक टक. आणि पलीकडून तीनदा आलं. मी म्हटलं, बघ, तुझा हात बसला, भिंत उत्तर द्यायला लागली. तर ती म्हणाली, "आजी, ही बाहेरची भिंत आहे. पलीकडे काही नाही." आणि लाटणं खाली ठेवलं. कबुतर असेल. धायरीत हल्ली माणसांपेक्षा कबुतरं जास्त झालीत.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आलो, खीर केली. उद्या मैत्री निघणार. चेतन बोलायला लागलाय. स्टेशनवर सोडायला पण जाणार आहे. एकदा तिकीट निघालं की बाप वितळतो.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी मैत्रीला गॅलरीत बोलावलं. एक काम सांगायचं होतं. वर्षानुवर्षं पोटात धरून ठेवलंय, आता सांगायला माणूस मिळालं.

आमच्या खाणीवर एक रीत होती. आत माणूस दगावला तर त्याला वर आणताना एक गडी पुढं चालायचा. खाली वळणं फार, आणि अंधार. प्रत्येक वळणाला तो थांबायचा आणि नाव घेऊन हाक मारायचा, "वळण आलं, चल." म्हणजे अंगाबरोबर माणूसही वर येतो, वळणावर चुकून मागं राहत नाही. सगळे करायचे, आपलेही, हिंदूही, बिहारकडचेही. चेतनच्या बाबांना अशी हाक कुणी मारलीच नाही. कोण मारणार? ते भिंतीपलीकडे.

मी म्हटलं, "मैत्री, तेवढं कर. त्या भिंतीशी जा, ठोक, आणि म्हण, दशरथ, वळण आलं, चल. नावानंच म्हणायचं, आजोबा म्हटलं तर त्यांना काय कळणार? त्यांनी तुला पाहिलंय कुठं."

तिनं विचारलं, "आणि ते आले तर?"

मी म्हटलं, "तर काय! घरी घेऊन ये."

ती हसली नाही. प्रवासाचं टेन्शन असणार. मी तिला म्हटलं, यासाठीच तर तुला लहानपणापासून अंधाराची भीती वाटू दिली नाही. दिवे घालवून आपण खेळायचो ते आठवतं ना? म्हणाली, आठवतं.

१७ मे, शनिवार

फोन आला. खाली उतरून आली तीन वेळा! टोपीवर दिवा, पायात गमबूट, सगळं सांगत होती. गेस्ट हाऊसमध्ये तिच्याबरोबर पायल म्हणून कोल्हापूरची मुलगी आहे, दोघी एकत्र. मी विचारलं, भिंत सापडली? म्हणाली, "हो. नकाशात तिथं नुसतं रिकामं दाखवलंय. सर म्हणतात, तिकडे जायचं नाही." मी म्हटलं, सरांचा नवरा आहे का आत?

मंदाकिनीबाईंना तीन वेळा उतरली हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि वर किती वेळा आली?" कसली बाई आहे.

२० मे, मंगळवार

मारली! हाक मारली माझ्या पोरीनं!

जेवणाच्या सुट्टीत ती पायलला सांगून दहा मिनिटं गेली होती. भिंतीवर ठोकलं. मी विचारलं, कसं वाजलं? म्हणाली, "आधी भरीव वाजलं. मग हाक मारली. मग परत ठोकलं तर ढब् वाजलं." मग येताना प्रत्येक वळणाला थांबून हाक मारत आली. वळणं नऊ. सहाव्या वळणापाशी तिला वाटलं, आपल्या बुटांचा आवाज दोन माणसांचा येतोय. पाणी साचलं असेल, म्हणाली. मी म्हटलं, असेल.

आणि पुढं ऐका. पाळी सुटली. वर आल्यावर दिवे परत करतात त्या दिवाघरात सगळ्यांची मोजदाद होते. खाली गेले बारा. दिवे आले बारा. पण सरदारानं (सरदार म्हणजे पगडीवाला नव्हे, खाणीतला मुकादम) डोकी मोजली तर तेरा. तीनदा मोजली, तीनदा तेरा. चौथ्यांदा बारा भरली, तेव्हा सगळे घरी गेले.

आवाज बारीक येत होता तिचा. रेंज नसते तिकडे. फोन ठेवताना म्हणाली, "आजी, मला परत यायचंय." मी म्हटलं, ये की मग, दोघंही या!

पोळ्याला करत होते तशी आंबाडीची भाजी करायची, ज्वारीच्या कण्या घालून. उद्या धायरी फाट्यावर आंबाडी शोधते. पुण्यात मेथीशिवाय पालेभाजी माहीत नाही लोकांना.

२४ मे, शनिवार

मैत्री आली. उन्हाचा ताप भरला म्हणून सरांनी आठ दिवस घरी पाठवली. राहिलेले दिवस पुढच्या महिन्यात भरून द्यायचे, नाहीतर वर्ष वाया. चेतननं स्टेशनवरून आणली. मी दारातच उभी होते भाकरतुकडा घेऊन. उंबऱ्याशी थांबली, बोटांच्या पेरांनी चौकट ठोकली, वर बघितलं, आणि म्हणाली,

"आलो."

शर्मिला हसायलाच लागली. "हे काय गं, आलो?" मग तिनंच सांगितलं, कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, मी जातो, मी जेवलो. पायलचं लागलंय हिला. दहा दिवसांत भाषा उचलते पोरगी, हुशारच आहे.

पण मला काय वाटलं ते मी इथंच लिहिते, कारण मॅनेजर मीच आहे. त्या "आलो"वर मी मनात म्हटलं, आलात!

आंबाडीची भाजी दोनदा घेतली. आजवर तिनं ती कधी तोंडात घातली नव्हती. हाताचा पंजा उलटा करून ताट पुसलं, चेतनचे बाबा पुसायचे तसं. मी बघतच राहिले.

२६ मे, सोमवार

ताप उतरला. पण आत झोपत नाही, दाराशी सतरंजी टाकून पडते. पंख्याखाली बसत नाही, कुठंही बसायच्या आधी वर ठोकून बघते, हात पोचत नाही तिथं झाडूच्या दांड्यानं. शर्मिलाला बरं वाटत नाही. मी म्हटलं, अगं, अभ्यास करतेय ती.

आज सकाळी मी भाकरी थापत होते तर मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जाड नको थापू वं." आमच्याकडे बाईला वं म्हणतात. पुण्यात कोण म्हणतं? पुण्यात मैत्री "ए आजी" म्हणते. मी वळलेच नाही. वळले असते तर गेलं असतं, असं वाटलं. पातळ थापल्या, छत्तीस वर्षांनी. इतका आनंद झाला की तव्यावरची भाकरी करपली.

२७ मे, मंगळवार

चेतन कामावरून आला, बूट काढायला खाली वाकला. मैत्री जवळच बसली होती. तिनं त्याच्या डोक्यावर पेरांनी ठोकलं, टक, आणि कान देऊन ऐकलं, आणि म्हणाली, "भरीव हाय."

चेतन लहान होता तेव्हा पाळीवरून आले की त्याचे बाबा रोज असं करायचे. रोज. तो खिदळायचा.

आज खिदळला नाही. एक बूट पायात तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी गेले तर विचारतो, "हे तू तिला सांगितलं होतंस?"

सांगितलं असेल. नसेल. मला आठवत नाही. नसेलच बहुतेक.

२८ मे, बुधवार

डॉक्टरकडे नेली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, धास्ती घेतलीय, बोलतं करा. शर्मिला म्हणाली, बोलते तर आहे, पण आमच्याशी नाही. डॉक्टरांनी मैत्रीला विचारलं, खाणीत काय पाहिलंस बाळा? ती म्हणाली, "पाहाले काय हाय तिथं. अंधार हाय." डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.

संध्याकाळी चेतननं मला समोर बसवलं. म्हणाला, "आई, तू तिला काय सांगून पाठवलं होतंस?"

मी सगळं सांगितलं. का लपवू? चांगलंच केलंय. वळणं, हाक, तेरा डोकी, सगळं. सांगताना मला हसू आवरेना, म्हटलं, चेतन, अरे आले तुझे बाबा. तू आठ दिवस रडला होतास ना दाराशी बसून? आले बघ.

तो उठला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मला माझी मुलगी परत दे."

मी म्हटलं, वेडा आहेस का, ती काय समोर बसलीय.

पण त्यानं तिच्याकडे बघितलंच नाही. रागच आला मला. बापाचं तोंड छत्तीस वर्षांनी दिसतंय आणि हा बघायला तयार नाही.

३० मे, शुक्रवार

आज जे झालं ते सगळं लिहिते. हात दुखला तरी लिहिते. गुडघ्यांचं तर विचारूच नका.

सगळे कामाला गेले. मी आणि मैत्री. म्हणजे आम्ही दोघं. मी चहा केला, दोन कप, बशीत ओतून दिला. फुंकर न घालता प्यायली. मी बोलत बसले. किती बोलायचं होतं! चेतन कसा शिकला, पुण्याला कसे आलो, धायरीत आधी शेतं होती आणि आता ह्या बिल्डिंगी कशा झाल्या. ते ऐकत होते. मधूनच "हं" म्हणत होते, नाकातून, तसंच. असं सुख मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मी म्हटलं, तुमची नात बघा किती शिकली. इंजिनेर होणार. फार गोड पोर आहे. रात्री पंख्याखाली झोपली नाही तर तिला…

आणि मला एकदम आठवेना, मैत्रीला आपण शेवटचं कधी पाहिलं. ती समोर बसलेली होती आणि मला आठवेना.

मी विचारलं, "मैत्री कुठं आहे?"

"खाली हाय."

मी हसले. म्हटलं, खाली काय करते?

"टेकू धरून उभी हाय. कोणी तरी धराले पाहिजे ना वं. मी कसा सोडून येऊ?"

तेव्हा मी तिचे हात पाहिले. बसल्या बसल्या कोपर वर, पंजे डोक्याशी उताणे, जसं काही वरचं धरलंय. दंड थरथरत होते. आल्यापासून रिकामी बसली की तिचे हात असेच तर होते. झोपेत सुद्धा. मी पाहिलं होतं की. मला वाटलं, आळस देतेय.

आणि टेकूचं तिला शिकवलं कुणी? मीच. आधी हात द्यायचा, भार आपल्यावर घ्यायचा, मग दुसऱ्यानं सोडायचं. सांगितलं तसंच केलं माझ्या पोरीनं.

मी विचारलं, "रडते का?"

जमिनीकडं कान केला. मग म्हणाले, "तुले हाक मारते."

मी उठले. दशरथ म्हटलं, त्यांना पहिल्यांदा नावानं. लग्नाच्या नवऱ्याला कधी नावानं बोलावलं नव्हतं. म्हटलं, "दशरथ, उठा."

आमची लिफ्ट मैत्रीच्या लहानपणापासून सहा महिने चालू, सहा महिने बंद. आज चालू होती. पण लिफ्टला वळणं कुठली? मी तिचा दंड धरला, बर्फासारखा होता, आणि जिना उतरायला लागले. तिसरा मजला, खाली गाड्या लावतात तिथपर्यंत आणि मग पाण्याच्या टाकीचं तळघर. वळणं आठ. प्रत्येक वळणाला थांबले. आपण मराठी माणसं घरातून निघालेल्याला कधी जा म्हणत नाही, ये म्हणतो. जीभच वळत नाही. पहिल्या वळणाला माझ्या तोंडून "ये" निघालं आणि तिनं वरच्या पायरीवर परत पाय टाकला. मी ओठ चावला. म्हटलं, "दशरथ, वळण आलं. जा."

दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनीबाई दार उघडून उभ्या. "काय आजी, लिफ्ट चालू आहे की." मी पुढची पायरी उतरले. "चालू आहे म्हटलं." मी म्हटलं, "वळण आलं, जा." त्यांनी दार लावून घेतलं.

चौथ्या वळणाला ते थांबले. म्हणाले, "अंधार हाय वं तिकडं." मला माहीत नव्हतं का? मला माहीत नव्हतं का तिकडे अंधार आहे? मी म्हटलं, "जा."

तळघराशी शेवटचं वळण. टाकीच्या पाण्याचा वास, आणि मोटारीची घरघर. तिथं मी तिच्या वर धरलेल्या हातांखाली माझे हात घातले आणि म्हटलं, "मैत्री, सोड. मी धरलंय." किती जड होतं ते मी कुणाला सांगू शकणार नाही. रिकाम्या हवेचं वजन एवढं असतं? माझे गुडघे वाकले. पण धरलं. मग कुणीतरी माझ्या हातातून ते घेतलं. सावकाश, सवयीच्या माणसानं घ्यावं तसं. मी काही बघितलं नाही, अंधार होता.

मग वर. "मैत्री, वळण आलं, चल." आठ वेळा. मध्ये दोनदा मी पायरीवर बसले, तर तिनं मला उठवलं.

वर आल्यावर ती सरळ पंख्याखाली जाऊन आडवी झाली. डोळे मिटले. मी विचारलं, "काय गं?"

म्हणाली, "दमले, आजी."

दमले! दमलो नाही. माझं शिक्षण दीड वर्षाचं, पण एका कान्यात काय काय असतं ते आज कळलं.

१ जून, रविवार

मैत्री बरी आहे. आंबाडीची उरलेली भाजी पुढं केली तर नाक मुरडलं. पिझ्झा मागवला. तो सगळ्यांनी खाल्ला, मी सुद्धा.

मंदाकिनीबाई जिन्यात भेटल्या. म्हणतात, "परवा भर दुपारच्या उन्हात पाहुण्यांना हाकललंत होय? तिघं उतरलात आणि वर दोघीच. चहा तरी पाजला होतात ना?" मी म्हटलं, "पाजला. बशीत ओतून."

राहिलेल्या दिवसांचा फॉर्म आलाय. मैत्री म्हणते, कोळसा नको, तिच्या सरांनी दुसरी खाण सांगितलीय, चुनखडीची, उघड्यावरची, वर आभाळ असलेली. पुढं काय ते पुढं बघू. मी तिला म्हटलं, तुला कॉम्प्युटरला जायचं असेल तरी चालेल मला. ती म्हणाली, "आता सांगतेस?" आणि हसली, आणि माझ्या गळ्यात पडून बराच वेळ तशीच राहिली. मी सहीला हात लावला नाही. चेतननं केली.

सही करून तो माझ्याजवळ बसला. मी त्याला म्हटलं, "उद्या येताना हार आण. तुझ्या बाबांच्या फोटोला."

तो माझा हात हातात घेऊन, लहान मुलाला समजवावं तसा हळू म्हणाला, "आणतो. पण आई, बाबा जाऊन छत्तीस वर्षं झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले ते."

मी म्हटलं, "नाही रे. परवा दुपारी गेले. मीच पाठवले."